स्टोरेज स्विचचे इव्हेंट संदेश आणि तीव्रता पातळ्या : देखरेख कशी बसवावी

फायबर चॅनलच्या, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणाऱ्या जाळ्यात एखाद्या पोर्टची जोडणी तुटली की सिस्को एमडीएस मालिकेतील स्विच त्याची नोंद पाचव्या पातळीवर, म्हणजे 'नोटिफिकेशन' या वर्गात करतो (अंक जितका लहान, तितकी नोंद गंभीर). ब्रोकेडच्या फॅब्रिक ओएस या कार्यप्रणालीवर चालणारा स्विच मध्येच पुन्हा सुरू झाला, तर तसे सांगणारा एचएएम-१००४ हा संदेश 'इन्फो' या सर्वांत खालच्या पातळीवर येतो. दोन्ही नोंदी आपापल्या जागी योग्यच आहेत, कारण तीव्रतेची पातळी स्विच बनवणाऱ्याने स्विचच्या प्रकृतीकडे पाहून ठरवलेली असते. त्या पोर्टच्या पलीकडे रात्रंदिवस चालणारा डेटाबेस आहे की बाजूला ठेवलेला टेप ड्राइव्ह आहे, हे स्विचला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून 'फक्त क्रिटिकल आणि एरर पाठवा, बाकीचा कचरा नको' अशी रचना जेथे केलेली असते, तेथे नेमके कामाचे संदेश कोणाच्याही नजरेस पडत नाहीत.

असे घडलेले मी जवळून पाहिले आहे. एका ठिकाणी दोन स्वतंत्र फॅब्रिक, म्हणजे स्विचची जाळी, होती आणि प्रत्येक सर्व्हरचा एकेक मार्ग दोन्हींतून जात होता. पहिल्या फॅब्रिकमधील एका सर्व्हरचे पोर्ट कित्येक दिवस रात्रीच्या वेळी तुटत आणि जुळत होते. स्विच प्रत्येक वेळी पाचव्या पातळीवर इमानेइतबारे नोंद करत होता, परंतु लॉग सर्व्हरकडे चौथी आणि त्याहून गंभीर पातळीच पाठवायची असे ठरलेले असल्याने त्यांपैकी एकही नोंद बाहेर आली नाही. पुढे दुसऱ्या फॅब्रिकचे फर्मवेअर बदलण्यासाठी तेथील स्विच बंद केला, तेव्हा त्या सर्व्हरला एकही मार्ग उरला नाही. त्या रात्रीनंतर देखरेख बसवताना मी पातळीकडे केवळ एक खूण म्हणून पाहतो. निर्णय संदेशाच्या ओळखक्रमांकावर, पोर्टच्या महत्त्वावर आणि संदेश किती वेळा आला यावर घेतो. पुढील सगळी मांडणी त्याच पद्धतीची आहे. कमांडची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच मूळ लिपीत टंकावीत.

घड्याळे आधी

संदेश गोळा करण्याआधी सर्व स्विच, स्टोरेज अ‍ॅरे आणि सर्व्हर यांची घड्याळे एकाच वेळेवर आणावीत. हे काम किरकोळ वाटते म्हणून ते पुढे ढकलले जाते आणि बिघाडाच्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते. सर्व्हरवर डिस्क गायब झाल्याची नोंद आणि स्विचवर पोर्ट तुटल्याची नोंद यांत चार मिनिटांचा फरक दिसला, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगता येत नाही. फायबर चॅनलमध्ये तर निर्णायक घडामोडी मिलिसेकंदांत होतात. फॅब्रिक ओएसवर टीएसक्लॉकसर्व्हर या कमांडने एनटीपी, म्हणजे अचूक वेळ पुरवणाऱ्या, सर्व्हरचे पत्ते द्यावेत आणि टीएसटाइमझोनने वेळ-विभाग ठरवावा. एमडीएसवर हेच काम कॉन्फिगरेशनमधील एनटीपी सर्व्हर या ओळीने होते आणि 'शो एनटीपी पीअर-स्टेटस' ने पडताळता येते. किमान दोन एनटीपी सर्व्हर द्यावेत आणि दोन्ही फॅब्रिकमध्ये तेच द्यावेत. उपकरणे वेगवेगळ्या वेळ-विभागांत असतील, तर सर्वांवर यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण मग बेरीज-वजाबाकी माणसाने करायची राहत नाही.

संदेशाची अंगे

फॅब्रिक ओएसमध्ये या नोंदींना रासलॉग म्हणतात. एका नोंदीत क्रमाने दिनांक आणि वेळ, चौकटी कंसातील ओळखक्रमांक, अनुक्रमांक, फॅब्रिकचा क्रमांक यासारखी माहिती, तीव्रता, स्विचचे नाव आणि शेवटी मजकूर असतो. ओळखक्रमांकाचा पहिला भाग संदेश कोणत्या घटकाकडून आला ते सांगतो : झोन म्हणजे झोनिंग (कोणते उपकरण कोणाशी बोलू शकते याची वाटणी), सेक म्हणजे सुरक्षा, ईएम म्हणजे पंखे, वीजपुरवठा, ब्लेड अशा भागांवर नजर ठेवणारा घटक, फॅब्र म्हणजे फॅब्रिकची बांधणी. दुसऱ्या भागातील चार अंकी संख्या म्हणजे त्या घटकाचा विशिष्ट संदेश. अनुक्रमांकाकडे बहुतेक जण पाहत नाहीत, पण तो फार उपयोगी आहे, कारण लॉग सर्व्हरवर ३१८ नंतर थेट ३२३ आला तर मधले चार संदेश वाटेत हरवले किंवा कोणत्या तरी चाळणीत अडकले, हे लगेच समजते.

एमडीएसवर मजकुराआधी टक्केचिन्ह असते आणि त्यानंतर घटकाचे नाव, पातळीचा अंक आणि संदेशाचे संक्षिप्त नाव हे तीन भाग आडव्या रेघांनी जोडलेले असतात. 'पोर्ट-५-आयएफ_डाउन_लिंक_फेल्युअर' हे वाचताना पोर्ट हा घटक, ५ ही पातळी आणि उरलेले संदेशाचे नाव असे तुकडे करावेत. त्यापुढील मजकुरात व्हीसॅनचा (स्विचवरील आभासी फॅब्रिकचा) क्रमांक, इंटरफेसचे नाव आणि कारण येते. कारणाचा हा कंसातला भाग वगळून केवळ 'पोर्ट डाउन' एवढेच पुढे कळवणारी साधने मी टाळतो, कारण प्रकाशच येत नसल्याने पोर्ट बंद होणे आणि प्रशासकाने स्वतः बंद करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अंक एकच, अर्थ वेगळे

घोटाळा सर्वाधिक येथे होतो, म्हणून याला थोडा वेळ द्यावा. सिसलॉग या नोंदी पाठवण्याच्या पद्धतीच्या प्रमाण पट्टीत ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत : इमर्जन्सी, अ‍ॅलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटिस, इन्फॉर्मेशनल आणि डिबग. आरएफसी ५४२४ या २००९ च्या दस्तऐवजात ही पट्टी दिलेली आहे आणि एमडीएस तिच्याच चालीने चालतो. फॅब्रिक ओएसच्या रासलॉगमध्ये मात्र चारच पातळ्या आहेत : १ क्रिटिकल, २ एरर, ३ वॉर्निंग, ४ इन्फो. म्हणजे '३' हा अंक एका पट्टीत एरर आहे आणि दुसरीत वॉर्निंग. '४' हा एकीकडे वॉर्निंग आहे तर दुसरीकडे निव्वळ माहिती. एमडीएसच्या पोर्ट मॉनिटरमध्ये, म्हणजे पोर्टचे मोजमाप मर्यादेबाहेर गेल्यावर इशारा देणाऱ्या सोयीत, तिसरीच पट्टी वापरली जाते. ती आरमॉन या जाळ्याच्या देखरेखीच्या मानकाची असून तिच्यात १ फेटल, २ क्रिटिकल, ३ एरर, ४ वॉर्निंग आणि ५ इन्फर्मेशन असा क्रम आहे. दोन्ही बनावटींचे स्विच एकाच देखरेख प्रणालीला जोडताना नियमांत अंक लिहिणे कटाक्षाने टाळावे आणि पातळीचे नाव लिहावे. शक्य असेल तेथे तेही टाळून ओळखक्रमांक लिहावा.

सिसलॉगच्या पाकिटात घटकाचा वर्ग आणि पातळी मिळून एकच संख्या पाठवली जाते. वर्गाला आठाने गुणून त्यात पातळी मिळवली की ती संख्या मिळते. लोकल७ या वर्गाचा क्रमांक २३ आहे. म्हणून त्याचा क्रिटिकल संदेश १८४ अधिक २, म्हणजे १८६ या आकड्याने सुरू होतो आणि वॉर्निंग १८८ ने. लॉग सर्व्हरवर येणारे कच्चे पाकीट एकदा उघडून हा आकडा स्वतः ताडून पाहावा, कारण स्विचच्या चार पातळ्या सिसलॉगच्या आठ पातळ्यांत कशा बसवल्या जातात हे त्या आकड्यातूनच खात्रीने कळते. मगच सर्व्हरवरील नियम लिहायला घ्यावेत.

स्विचवर बसून वाचणे

बाहेरची व्यवस्था कितीही चांगली असली, तरी स्विचवर लॉग वाचण्याची सवय हवी. फॅब्रिक ओएसवर एररडंप संपूर्ण लॉग एका दमात दाखवतो, तर एररशो एकेक नोंद थांबत थांबत दाखवतो. उलट क्रमाने पाहण्याचा पर्याय दिल्यास ताज्या नोंदी आधी येतात. आभासी फॅब्रिक चालू असतील तर सर्व विभागांच्या नोंदी मागवण्याचा पर्याय वापरावा, नाहीतर आपण ज्या विभागात प्रवेश केला आहे तेवढेच चित्र दिसते. एमडीएसवर 'शो लॉगिंग लॉगफाइल' सगळी नोंदवही उघडते आणि 'शो लॉगिंग लास्ट २०' शेवटच्या वीस ओळी देते.

हा लॉग गोल फिरणारा असतो : जागा भरली की सर्वांत जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. देखरेखीचे एखादे साधन दर काही मिनिटांनी स्विचवर प्रवेश करत असेल, तर प्रत्येक प्रवेशाची सेक-१२०३ ही नोंद होते आणि काही दिवसांत लॉगमध्ये त्याखेरीज काही उरत नाही. एमडीएसबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथील नोंदवही स्विच पुन्हा सुरू झाल्यावर टिकत नाही. केवळ ०, १ आणि २ या पातळ्यांच्या शेवटच्या १०० नोंदी एनव्हीरॅम या वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत राहतात आणि त्या 'शो लॉगिंग एनव्हीरॅम' ने पाहता येतात. पोर्ट तुटल्याची नोंद पाचव्या पातळीची, म्हणजे स्विच पुन्हा सुरू होताच ती गेली. लॉग बाहेर पाठवण्यासाठी याहून मोठे कारण शोधण्याची गरज नाही.

लॉग पुसण्याची कमांड म्हणजे एररक्लिअर किंवा 'क्लिअर लॉगिंग लॉगफाइल' बिघाडाच्या वेळी कोणीही देऊ नये. 'स्वच्छ पाटीवर नवीन नोंदी पाहू' हा विचार मोहात पाडणारा आहे, पण त्याने पुरावाच नाहीसा होतो. मोजणी शून्यावर आणणे ही वेगळी गोष्ट आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

संदेश बाहेर पाठवणे

दोन लॉग सर्व्हर ठेवावेत आणि त्यांची स्वतःची डिस्क ज्या फॅब्रिकवर नजर ठेवायची त्याच फॅब्रिकवरून येणारी नसावी. हा नियम मोडलेला मी वारंवार पाहतो : लॉग सर्व्हर आभासी यंत्र असतो, त्या यंत्राची डिस्क स्टोरेज अ‍ॅरेवर असते आणि फॅब्रिक कोसळताच त्याची कहाणी लिहिणाराच गोठून बसतो. निदान एक लॉग सर्व्हर तरी स्थानिक डिस्कवर चालणारा हवा.

फॅब्रिक ओएसच्या जुन्या आवृत्त्यांत सिसलॉगडीआयपीअ‍ॅड आणि नव्यांत सिसलॉगअ‍ॅडमिन या कमांडने सर्व्हरचा पत्ता देतात. वर्ग लोकल० ते लोकल७ यांपैकी निवडता येतो. सर्व स्टोरेज स्विचना एकच वर्ग दिला, तर सर्व्हरवर त्यांची वेगळी फाइल करणे सोपे जाते. एमडीएसवर 'लॉगिंग सर्व्हर' या ओळीत पत्ता आणि पातळी दोन्ही लिहायचे असतात. तेथे संदेशाला दोन दारे ओलांडावी लागतात : 'लॉगिंग लेव्हल' ने प्रत्येक घटकासाठी ठरवलेली पातळी हे पहिले, आणि सर्व्हरसमोर लिहिलेली पातळी हे दुसरे. सर्व्हरसमोर ६ लिहिले पण घटकाची पातळी ३ वर राहिली, तर चौथ्या-पाचव्या पातळीचे काहीच बाहेर पडणार नाही. 'शो लॉगिंग लेव्हल' ने सर्व घटकांची यादी काढून निदान पोर्ट आणि झोन यांच्या ओळी डोळ्यांखालून घालाव्यात.

स्विचकडून पाठवताना हात आखडता घेऊ नये. स्टोरेज स्विच फायरवॉलसारखा दर सेकंदाला शेकडो ओळी ओकत नाही; सुस्थितीतील स्विच दिवसभरात मोजक्याच नोंदी करतो. माहितीच्या पातळीपर्यंत सारे पाठवावे आणि चाळणी लॉग सर्व्हरवर लावावी, कारण सर्व्हरवर साठवलेली ओळ उद्या पुन्हा वाचता येते, तर स्विचनेच गाळलेली ओळ कायमची गेलेली असते. डिबगची पातळी मात्र तंत्रसाहाय्य मागत असेल तेव्हाच आणि तेवढ्यापुरतीच उघडावी.

साधा सिसलॉग यूडीपीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टवरून जातो आणि पोहोच मिळाल्याची खातरजमा त्यात नसते. टीएलएस या कूटबद्ध मार्गाने पाठवण्याची सोय स्विच देत असेल, तर ६५१४ हे त्याचे नेमलेले पोर्ट आहे. ती वापरल्यास वाटेतील गळतीही कमी होते आणि मजकूरही झाकलेला राहतो. जुन्या आरएफसी ३१६४ च्या धाटणीत वेळेच्या जागी ना वर्ष असते ना वेळ-विभाग, म्हणून सर्व्हरने संदेश स्वीकारल्याची आपली वेळ प्रत्येक ओळीत वेगळी लिहावी.

बसवून झाल्यावर चाचणी घेतल्याशिवाय काम संपले असे मानू नये. दोन्ही फॅब्रिकमध्ये काहीही न जोडलेले एकेक पोर्ट निवडावे, ते बंद करून पुन्हा चालू करावे, स्विचमधून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा, आणि या प्रत्येक कृतीची ओळ दोन्ही सर्व्हरवर किती सेकंदांत उमटली ते पाहावे. रिकाम्या पोर्टवर जोडणी जुळण्या-तुटण्याचा संदेश येणार नाही. त्यासाठी चाचणीचा सर्व्हर हाताशी असल्यास त्याची केबल काढून पाहणे सर्वांत उत्तम.

एसएनएमपी ट्रॅपचा, म्हणजे उपकरणाने देखरेख प्रणालीला आपणहून धाडलेल्या सूचनेचा, मार्गही सोबत ठेवावा, पण तो सिसलॉगची जागा घेऊ शकत नाही. फॅब्रिक ओएसमध्ये ट्रॅप स्वीकारणाऱ्या प्रत्येक पत्त्यासमोर तीव्रतेचा एक अंक असतो आणि तो ० असेल तर इव्हेंटचा एकही ट्रॅप जात नाही. पत्ता भरला, अंक विसरला आणि वर्षभर शांतता नांदली, असे सहज होऊ शकते.

स्वतःची वर्गवारी

आता मुख्य काम. गेल्या दोन-तीन महिन्यांचा लॉग घेऊन त्यातील सर्व वेगवेगळे ओळखक्रमांक काढावेत. त्यांची यादी बहुधा शंभराच्या आतच भरते. प्रत्येकासमोर चारपैकी एक शेरा लिहावा : आत्ता माणसाला उठवा, आजच्या दिवसात पाहा, आठवड्याच्या आढाव्यात घ्या, फक्त साठवा. निर्मात्याची पातळी शेजारच्या रकान्यात ठेवावी, पण शेरा तिच्यावरून लिहू नये.

असे करताना काही संदेशांच्या जागा लक्षणीय बदलतात. स्विच अनपेक्षित पुन्हा सुरू झाल्याचा एचएएम-१००४ माझ्या यादीत नेहमी 'आत्ता उठवा' मध्ये असतो. ठरवलेल्या देखभालीच्या वेळेत तो आला तर तेवढ्यापुरता दाबता येतो. लॉग पुसल्याची नोंद माहितीच्या पातळीवर येते, पण ती 'आजच' मध्ये हवी, कारण कोणी आणि का पुसला हे त्याच दिवशी विचारले तरच उत्तर मिळते. लागू असलेली झोनिंगची रचना बदलल्याचे सांगणारा झोन-१०२२ हाही माहितीच्याच पातळीचा. बदलाच्या नोंदवहीत त्या वेळी काही मंजूर नसेल, तर तो माझ्या दृष्टीने कोणत्याही एररहून गंभीर आहे. एमडीएसवर झोनची जुळणी फसल्याचा संदेश दुसऱ्या पातळीवर येतो आणि त्याची ती जागा रास्त आहे. याउलट दोन वीजपुरवठ्यांपैकी एक बंद पडल्याची गंभीर नोंद, दुसरा नीट चालू असेल आणि खोलीत त्या वेळी विजेचे काम चालू असल्याचे माहीत असेल, तर सकाळपर्यंत थांबू शकते.

एकट्या संदेशावरून पुरेसे कळत नाही, म्हणून तीन प्रकारचे जोडनियम लिहावेत. पहिला वारंवारितेचा : एकच पोर्ट तासाभरात तीन वेळा तुटले-जुळले तर त्याची श्रेणी एक पायरी वर जाते. दुसरा जोडीचा : एकाच सर्व्हरचे दोन्ही फॅब्रिकमधील मार्ग थोड्या अंतराने बिघडले, तर मूळ पातळी काहीही असो, माणसाला उठवावे. यासाठी प्रत्येक पोर्टला सर्व्हरचे आणि त्याच्या कार्डाचे नाव दिलेले असणे अपरिहार्य आहे. नाव नसलेल्या पोर्टवरचा संदेश म्हणजे पत्ता नसलेले पत्र. जो पोर्ट दुसऱ्या स्विचकडे किंवा स्टोरेज अ‍ॅरेकडे जातो, त्याच्या नावात तसे स्पष्ट लिहावे, कारण तेथील एकच तुटणे अनेक सर्व्हरना भोवते. तिसरा नियम शांततेचा : एखाद्या स्विचकडून चोवीस तासांत एकही ओळ आली नाही, तर त्याचीच सूचना निघावी. रोज ठरावीक वेळी स्विचवर एक साधा प्रवेश घडवून आणला, की त्याची नोंद नाडीच्या ठोक्यासारखी वापरता येते.

नको असलेले संदेश स्विचवरच बंद करण्याची किंवा त्यांची पातळी बदलण्याची सोय फॅब्रिक ओएसच्या रासअ‍ॅडमिन या कमांडमध्ये आहे. मी ती वापरत नाही आणि वापरू नये असेच सुचवेन, कारण उत्पादकाच्या तंत्रसाहाय्याला पाठवलेला लॉग मग मूळ अर्थाचा राहत नाही आणि पुढच्या प्रशासकाला तो बदल कोठेच दिसत नाही. प्रवेशाच्या नोंदींचा गोंगाट असेल तर साधनाच्या भेटी कमी कराव्यात; संदेश दाबू नये.

मोजणीतून जन्मणारे संदेश

पोर्टवरील सीआरसी चुका (वाटेत बिघडलेला डेटा), समक्रमण सुटणे, टाकून दिलेल्या फ्रेम (डेटाचे तुकडे) या गोष्टी आपणहून संदेश होत नाहीत. त्या फक्त मोजल्या जातात. मर्यादा ठरवून दिली तरच त्यांची ओळ लॉगमध्ये उमटते. फॅब्रिक ओएसमध्ये हे काम मॅप्स ही देखरेखीची सोय करते आणि तिचे संदेश मॅप्स-१००१ ते १००४ अशा क्रमांकांनी अनुक्रमे क्रिटिकल, एरर, वॉर्निंग आणि इन्फो पातळीवर येतात. मजकुरात अट, प्रत्यक्ष आढळलेले मूल्य आणि नियमाचे नाव असते, त्यामुळे कारण शोधायला तेथूनच सुरुवात होते. तयार धोरणांपैकी मुख्य तीन आहेत : कॉन्झर्व्हेटिव्ह, मॉडरेट आणि अ‍ॅग्रेसिव्ह. प्रथम मॉडरेट चालू करून दोन आठवडे केवळ लॉग आणि ईमेल या कृती ठेवाव्यात. तयार धोरणात बदल करता येत नाही. म्हणून त्याची प्रत काढून ती आपल्या गरजेप्रमाणे घडवावी.

पोर्ट आपोआप बंद करणारी फेन्सिंगची कृती सुरुवातीला चालू करू नये, आणि दोन स्विचना जोडणाऱ्या पोर्टवर तर फार विचारानेच करावी. सदोष केबलमुळे एक मार्ग रखडणे वाईट आहे, पण स्वयंचलित नियमाने पाठोपाठ अनेक मार्ग बंद करणे त्याहून वाईट आहे.

एमडीएसवरील पोर्ट मॉनिटरमध्ये प्रत्येक मोजणीसाठी तपासणीचा कालावधी, वरची मर्यादा, खालची मर्यादा आणि इव्हेंटचा अंक द्यावा लागतो. वरची मर्यादा ओलांडली की एक सूचना निघते आणि मोजणी खालच्या मर्यादेपर्यंत उतरल्यावर दुसरी. दोन्ही मर्यादा एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर सूचनांचा झुला सुरू होतो, म्हणून त्यांत पुरेसे अंतर असावे.

मर्यादा ठरवण्यापूर्वी मोजणी एकदा शून्यावर आणावी. वर्षभर साचलेल्या आकड्यांत आजची चूक कोणती आणि गतवर्षी केबल बदलतानाची कोणती हे कळत नाही. फॅब्रिक ओएसवर स्टॅट्सक्लिअर, एमडीएसवर 'क्लिअर काउंटर्स' हे काम करते. आधीचे आकडे फाइलमध्ये जतन करून मगच ते करावे.

एक संदेश आल्यानंतर

समजा, सर्व्हरच्या पोर्टवर सीआरसी चुका मर्यादेबाहेर गेल्याची वॉर्निंग आली. घाईने केबल बदलण्याआधी पोर्टएररशो पाहावा. तेथे सीआरसीच्या दोन मोजण्या असतात : सगळ्या मिळून एक, आणि फ्रेमचा शेवट चांगला असूनही सीआरसी चुकलेल्यांची दुसरी. दुसरी मोजणी वाढत असेल तर बिघाड याच जोडणीवर झाला आहे. केवळ पहिलीच वाढत असेल तर फ्रेम आधीच कोठेतरी बिघडून येथे पोहोचली आहे आणि शोध मागच्या स्विचकडे न्यावा लागतो. या एका भेदाने निर्दोष केबल बदलण्याचे श्रम वाचतात.

त्यानंतर एसएफपीशो, किंवा एमडीएसवर इंटरफेसच्या ट्रान्सीव्हरचा तपशील, काढून येणाऱ्या प्रकाशाची शक्ती पाहावी. ती डीबीएममध्ये लिहिलेली असते : उणे ३ म्हणजे सुमारे ५०० मायक्रोवॅट, उणे १० म्हणजे १०० मायक्रोवॅट, आणि दर ३ डीबी घसरणीला प्रकाश निम्मा होतो. तोच आकडा समोरच्या टोकालाही पाहावा. पलीकडून पूर्ण शक्तीने निघालेला प्रकाश येथे क्षीण पोहोचत असेल, तर आधी टोके स्वच्छ करावीत, मग केबल आणि शेवटी एसएफपी मॉड्यूल (प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग) बदलावे. एका वेळी एकच गोष्ट बदलून, मोजणी शून्यावर आणून, किमान एक दिवस वाट पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणाचा होता हे कधीच कळत नाही आणि सदोष मॉड्यूल सुट्या भागांच्या खोक्यात परत जाते.

जोडणी निर्दोष असूनही फ्रेम टाकून दिल्याचे संदेश येत असतील, तर संथ उपकरणाची शंका घ्यावी. फायबर चॅनलमध्ये हातातील क्रेडिट (समोर फ्रेम घ्यायला जागा असल्याच्या पावत्या) संपली की समोरच्याने ती परत केल्याशिवाय पुढची फ्रेम पाठवता येत नाही. एखादा सर्व्हर क्रेडिट परत करण्यात मागे पडला की स्विचमध्ये फ्रेम तुंबतात आणि ठरावीक मुदतीनंतर स्विच त्या टाकून देतो. तोवर ही कोंडी मागे सरकत दोन स्विचमधील जोडणीपर्यंत पोहोचलेली असते, त्यामुळे ओरड भलत्याच सर्व्हरवरून ऐकू येते. लिनक्सवर एससीएसआय कमांडची (डिस्कला दिलेल्या आज्ञेची) सामान्य मुदत ३० सेकंदांची असते; टाकलेल्या एका फ्रेममुळे अ‍ॅप्लिकेशन एवढा वेळ थिजलेले दिसू शकते, आणि त्याच वेळी स्विचच्या लॉगमध्ये क्रिटिकल असे काहीही नसते. अशा वेळी तक्रार करणाऱ्या सर्व्हरच्या पोर्टऐवजी क्रेडिट शून्यावर राहण्याचा काळ कोणत्या पोर्टवर सर्वाधिक वाढतो आहे ते शोधावे.

बिघाड स्विचचाच वाटत असेल, तर तो पुन्हा सुरू करण्यापूर्वी फॅब्रिक ओएसवर सपोर्टसेव्ह आणि एमडीएसवर 'शो टेक-सपोर्ट डिटेल्स' घेऊन बाहेरच्या सर्व्हरवर ठेवावे. एखाद्या रासलॉग नोंदीत एफएफडीसी ही खूण दिसली तर स्विचने बिघाडाच्या क्षणाची माहिती आपणहून टिपून ठेवली आहे असा तिचा अर्थ असतो. ती माहिती सपोर्टसेव्हमधूनच बाहेर येते. एमडीएसवर 'शो लॉगिंग ऑनबोर्ड' मधील नोंदी पुन्हा सुरू झाल्यावरही राहतात, त्यामुळे उशिरा पोहोचलेल्यालाही काही हाती लागते.

कोणी काय केले याची नोंद वेगळी असते. फॅब्रिक ओएसवर ऑडिटसीएफजी या कमांडने झोनिंग, सुरक्षा, कॉन्फिगरेशन, फर्मवेअर असे वर्ग निवडून ऑडिट चालू करावे आणि तेही सिसलॉगकडे वळवावे. एमडीएसवर 'शो अकाउंटिंग लॉग' मध्ये दिलेली प्रत्येक कॉन्फिगरेशन कमांड सापडते. सर्वांनी एकाच अ‍ॅडमिन खात्याने प्रवेश केला, तर या नोंदीला काही मोल राहत नाही.

फर्मवेअरची आवृत्ती बदलली की नव्या आवृत्तीचा संदेश-संदर्भ उघडून आपल्या यादीशी ताडावा, कारण काही संदेश नव्याने येतात, काही जातात आणि काहींची पातळी बदलते. ज्या ओळखक्रमांकासमोर अजून शेरा नाही, तो पहिल्यांदा उमटताच 'आजच पाहा' या वर्गात आपोआप पडेल असा नियम लॉग सर्व्हरवर कायमचा लिहून ठेवावा.